ओल होती, नत्र होतं, तरी जवस खुरटलं: लांब पडीचं एक प्रकरण

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात टूवूम्बा शहराच्या पश्चिमेला डार्लिंग डाउन्स हा काळ्या मातीचा सुपीक पट्टा आहे. दक्षिणेला न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागापासून वर मध्य क्वीन्सलँडपर्यंतचा जो मुलूख तिकडे 'उत्तरेचा धान्यपट्टा' म्हणून ओळखला जातो, त्यातला हा एक तुकडा. जमीन भारी, चिकण आणि वाळली की भेगाळणारी. पाऊस बेभरवशाचा. अशा ठिकाणी पीक डोक्यावर पडणाऱ्या पावसापेक्षा जमिनीत आधीच मुरलेल्या ओलीवर जास्त येतं. ती ओल साठवायची तर शेत काही महिने पड ठेवायचं आणि त्यात तणाची काडीसुद्धा उभी राहू द्यायची नाही.

या पट्ट्यात हिवाळी आणि उन्हाळी अशी दोन्ही हंगामांची पिकं होतात. गहू, बार्ली, हरभरा, जवस हिवाळ्यात. ज्वारी, सूर्यफूल, मका उन्हाळ्यात. दरवर्षी एकाच हंगामातलं पीक घेतलं तर दोन पिकांमध्ये सहाएक महिन्यांची पड पडते. पण उन्हाळी पिकावरून हिवाळी पिकावर जायचं ठरवलं की गणित बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये ज्वारी काढल्यावर थेट पुढच्या वर्षीच्या मे-जूनमध्ये पेरणी, म्हणजे वर्षाहून अधिक काळ शेत मोकळं. मध्येच दुष्काळ आला तर ही पड आणखी लांबते.

कागदावर पाहिलं तर लांब पडीनंतरचं पीक सर्वांत जोमदार यायला हवं. खोलवर ओल आहे, वर्षभरात सेंद्रिय पदार्थांतून सुटलेलं नत्र साठलेलं आहे, तण नाही, आधीच्या पिकाचे बरेच रोगही ओसरलेले आहेत. प्रत्यक्षात जवस, सूर्यफूल, मका यांसारखी पिकं नेमकी याच शेतात रुसून बसत. उगवणीत खोट नसायची. रोपं बियाण्यातल्या शिदोरीवर पहिली काही पानं टाकायची आणि मग वाढ थबकायची. पानं फिकी पडायची, पेरं आखूड राहायची, शेतभर पीक लहान-मोठं दिसायचं. आदल्या हंगामात पीक घेतलेल्या शेतात ओल कमी असूनही तीच पिकं रोपावस्थेत सरस दिसत. या दुखण्याला तिकडे 'लाँग फॅलो डिसऑर्डर' म्हणतात. आपण त्याला 'लांब पडीचा विकार' म्हणू.

संशय कुणाकुणावर जातो

पीक खुरटलं की आधी पाण्याकडे बघायचं. इथे पाणी भरपूर होतं, म्हणून तो संशय लगेच बाद. पिवळेपणा पाहून नत्राची कमतरता वाटते, पण लांब पडीच्या जमिनीत नायट्रेट, म्हणजे नत्राचं पिकाला घेता येणारं रूप, उलट जास्तच सापडतं. कुजणाऱ्या अवशेषांतून एखादं विष तयार झालं असेल का? वर्षभर मोकळ्या राहिलेल्या शेतात कुजायला ताजं फारसं काही उरत नाही. मुळांना गाठणाऱ्या सूत्रकृमींचं म्हणाल तर यजमान पीक नसलं की त्यांची संख्या घटते. म्हणजे त्या हिशेबाने लांब पड औषधासारखी लागू पडायला हवी होती.

उरतात ती अन्नद्रव्यं. विकार झालेल्या रोपांच्या पानांचं पृथक्करण केलं तर स्फुरद आणि जस्त कमी. इथे कोडं सुटल्यासारखं वाटतं, पण ते इथेच अवघड होतं. पड ठेवल्याने जमिनीतलं स्फुरद कुठे जात नाही. ते वाहून जात नाही, हवेत उडत नाही, आणि पीकच नसल्यामुळे कुणी उचलूनही नेत नाही. माती परीक्षणात ते दिसतं आणि तरीही रोप उपाशी असतं.

माती परीक्षणाची पद्धत इथे जवळून बघण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात स्फुरदासाठी कॉलवेल चाचणी सर्रास वापरतात. त्यात चिमूटभर माती सोडियम बायकार्बोनेटच्या शंभरपट द्रावणात टाकून १६ तास हलवत ठेवतात. जे सुटून द्रावणात येतं ते मोजायचं. मुळाला ही चैन मिळत नाही. ते एका जागी उभं असतं, आजूबाजूची माती हलत नाही, आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट धरलेलं स्फुरद त्याच्याकडे जवळजवळ सरकत नाही. चाचणी साठा किती आहे ते सांगते. तो साठा मुळापर्यंत पोचवणार कोण, हा प्रश्न तिच्या कक्षेतच येत नाही.

मुळात काय नव्हतं

टूवूम्बाच्या क्वीन्सलँड व्हीट रिसर्च इन्स्टिट्यूटमधले जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ साली या प्रश्नाचं उत्तर प्रसिद्ध केलं. लांब पडीच्या जमिनीत मुळांशी सहजीवन करणारी बुरशी, म्हणजे आर्बस्क्युलर मायकोरायझा, घटलेली असते. सूर्यफुलात दिसणारी स्फुरदाची कमतरता हा तिच्या घटीचा परिणाम आहे. थोडक्यात, जमिनीत काय आहे हे सगळे बघत होते आणि हरवलं होतं ते मुळाच्या आत.

ही बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मूळ उपटून पाहिलं तरी नाही. म्हणून प्रयोगशाळेत बारीक मुळ्या धुऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम करतात. मुळाचा मूळचा रंग आणि पेशींतला ऐवज निघून जातो, मागे पारदर्शक सांगाडा राहतो. मग आम्लात बुडवून ट्रिपॅन ब्लू नावाचा रंग देतात. फिलिप्स आणि हेमन यांनी १९७० साली ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिचे अवतार आजही चालतात. सूक्ष्मदर्शकाखाली सशक्त रोपाचं मूळ धरलं की पेशींच्या फटींतून मुळाच्या लांबीने धावणारे निळे धागे दिसतात. अधूनमधून लंबगोल पिशव्या असतात, त्यांत बुरशीने चरबी साठवलेली असते. आणि काही पेशींच्या आत गर्द निळा, फांद्या-उपफांद्यांनी गच्च भरलेला झुबका. हाच आर्बस्क्यूल. त्याच्या भोवती रोपाच्या पेशीचं स्वतःचं पातळ आवरण असतं. त्या आवरणातून स्फुरद रोपाकडे जातं आणि रोपाकडून अन्न बुरशीकडे. हा झुबका जेमतेम काही दिवस टिकतो आणि विरतो, तोवर शेजारच्या पेशीत दुसरा उभा राहिलेला असतो.

लांब पडीनंतरच्या रोपाचं मूळ याच काचेखाली ठेवलं की निळं काही फारसं दिसत नाही. रिकाम्या पेशींच्या रांगाच रांगा.

बुरशी नसल्याने एवढं अडतं का

अडतं, आणि त्याचं कारण अंतरात आहे. नायट्रेट पाण्यात विरघळून पाण्याबरोबर वाहतं, त्यामुळे मुळाने पाणी ओढलं की ते आपोआप येतं. स्फुरद तसं येत नाही. मुळाला चिकटलेल्या थरातलं स्फुरद संपलं की तिथे रिकामं कडं तयार होतं, साधारण एक-दोन मिलिमीटरचं. पलीकडे साठा असतो, पण तो कडं ओलांडून येईपर्यंत रोपाचे दिवस निघून जातात. मुळावरचे केस या कड्याच्या आसपासच संपतात. बुरशीचे तंतू मात्र कडं ओलांडून कित्येक सेंटीमीटर पुढे जातात. त्यांची जाडी २ ते १० मायक्रोमीटर असते, त्यामुळे बारीक मुळालाही जिथे शिरकाव नाही अशा मातीच्या छिद्रांत ते शिरतात. शिवाय एवढ्या बारीक धाग्याची लांबी वाढवायला तेवढ्याच लांबीचं मूळ वाढवण्यापेक्षा फारच कमी अन्न लागतं. जस्ताचंही असंच. काळ्या, विम्ल चिकणमातीत ते कणांना धरून बसतं आणि हलत नाही.

म्हणूनच या विकारात रोप नत्राने तुडुंब आणि स्फुरद-जस्ताने रिकामं अशा विचित्र अवस्थेत सापडतं. नत्र स्वतः चालत आलेलं असतं. बाकी दोन कुणीतरी आणून द्यावी लागतात.

अर्थात बुरशी हे फुकट करत नाही. रोपाने प्रकाशसंश्लेषणातून बनवलेल्या अन्नापैकी साधारण ४ ते २० टक्के हिस्सा तिच्याकडे जातो. बुरशीचे गुणगान गाणाऱ्या लेखांत हा खर्च बहुधा गाळलेला असतो. स्फुरद सहज मिळत असेल तर रोप हा सौदा आवरतं घेतं. मुळांतून बाहेर पडणारी स्ट्रिगोलॅक्टोन ही संयुगं म्हणजे बुरशीला दिलेली हाक. त्यांनी बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात हे २००५ साली अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. स्फुरदाची टंचाई असली की रोप ही हाक मोठ्याने देतं, पोट भरलेलं असलं की जवळजवळ देतच नाही.

पडीत ती मरते कशी

इथे या बुरशीचा एक गुण आडवा येतो. कुजणाऱ्या पाल्यावर जगणाऱ्या बुरशा यजमान नसला तरी तग धरतात. मायकोरायझा पूर्णपणे जिवंत मुळावर अवलंबून आहे. ती साखर तर मुळाकडून घेतेच, शिवाय २०१७ साली एकापाठोपाठ निघालेल्या शोधनिबंधांनी दाखवलं की तिला लागणारी स्निग्धाम्लंही रोपच पुरवतं. ती स्वतः नव्याने बनवायची सोय तिच्याकडे नाही. पिशव्यांत आणि बीजाणूंत दिसणारी चरबी ही अशी रोपाकडून आलेली ठेव.

पीक काढल्यावर ती मातीत तीन रूपांत उरते: जुन्या मुळांच्या तुकड्यांत दडलेली, तुटक तंतूंच्या जाळ्यात आणि बीजाणूंत. मुळांचे तुकडे कुजत जातात. जाळं हळूहळू विरतं आणि मातीतले बारीक जीव त्याचा फडशा पाडतात. बीजाणू सगळ्यांत चिवट, पण ओल मिळाली की तो रुजून बघतो. थोडा तंतू बाहेर काढतो, मूळ लागलं नाही तर वाढ थांबवतो आणि आतला ऐवज मागे खेचून घेतो. असा प्रयत्न तो पुन्हा करू शकतो, पण दरवेळी ठेवीतलं थोडं खर्च होतं. वर्षभराच्या पडीत पाऊस येतो-जातो, माती भिजते-वाळते, बीजाणूंचे प्रयत्न वाया जात राहतात.

चटका लावणारी बाब ही की पड जितकी नेटकी तितकं नुकसान मोठं. शेतात चार तणं राहिली असती तर बुरशीला त्यांच्या मुळांवर दिवस काढता आले असते. ओल वाचवण्यासाठी शेतकऱ्याने प्रत्येक तण मारलं. नांगरून मारलं की तणनाशकाने, त्याने या बाबतीत फरक पडत नाही. जिवंत मूळ उरलं नाही, एवढंच बुरशीला कळतं.

सगळी बुरशी संपत नाही हेही खरं. उरलेल्या थोड्या बीजाणूंतून ती नव्या पिकाच्या मुळांत पसरते, पण उशिरा. तोवर रोपाच्या सुरुवातीच्या कोवळ्या आठवड्यांत, जेव्हा स्फुरदाची गरज सर्वांत निकडीची असते, तेव्हा पुरवठाच नसतो. पुढे पीक सावरलं तरी ते मागेच राहतं.

पुरावा

घट आणि विकार एकत्र दिसणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. बुरशी परत दिली की विकार जातो का, हे पाहणं भाग होतं. थॉम्पसन यांनी जवसावर १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या कामात पीक घेतलेल्या शेतातल्या मातीतली बुरशी लांब पडीच्या मातीत मिसळली. जवसाचा विकार गेला, आणि तो स्फुरद व जस्ताचं शोषण सुधारल्यामुळेच गेला, हे या कामाचं सार.

यावर चौकस वाचक लगेच विचारेल की दुसऱ्या शेतातली माती मिसळली म्हणजे बुरशीच मिसळली कशावरून? मातीबरोबर अन्नद्रव्यं येतात, जिवाणू येतात, आणखी काय काय येतं. म्हणून अशा प्रयोगांत निर्जंतुक केलेल्या मातीची तुलना लागते, आणि निर्जंतुकीकरणाचेही स्वतःचे दुष्परिणाम असतात. याच काळ्या जमिनींत गव्हावर निरनिराळ्या निर्जंतुकीकरण पद्धती वापरून मायकोरायझाचा स्फुरद-जस्ताच्या पोषणातला वाटा थॉम्पसन यांनी १९९० साली दाखवला होता. कुंडीत जे दिसलं ते उघड्या शेतात दिसेल का, हा पुढचा आक्षेप. त्याचं उत्तर २०१३ साली आलं: विकारग्रस्त शेतात बुरशी टाकून जवसातली स्फुरद आणि जस्त या दोन्हींची कमतरता भरून निघाल्याचं थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं.

मला या सगळ्यात जस्ताचा धागा सर्वांत पटणारा वाटतो. नुसतं स्फुरद कमी पडत असतं तर दहा कारणं सांगता आली असती. जमिनीत जागचे न हलणारे दोन घटक एकदम कमी पडतात आणि सहज वाहणारं नत्र मात्र पुरेसं राहतं, ही खूण वाहतूक तुटल्याचीच आहे.

मग पाकीट आणून टाकायचं का

बुरशीच्या अभावाने रोग झाला, बुरशी दिल्याने गेला, म्हणजे आता बुरशीचं पाकीट विकत घ्यायचं, हा निष्कर्ष सोपा आहे, पण या प्रकरणात तो फारसा कामाचा नाही. ही बुरशी साध्या पोषक माध्यमावर भांड्यात वाढवता येत नाही, जिवंत मुळावरच वाढवावी लागते. शेकडो हेक्टरच्या शेतात पुरेल एवढी ती तयार करून, जिवंत राखून, बियाण्याजवळ पोचवणं हे रोपवाटिकेतल्या ट्रेमध्ये चमचाभर टाकण्याइतकं सोपं नाही. प्रयोगात कारण सिद्ध करायला ते ठीक.

शेतावरचा उपाय पीक फेरपालटातून निघाला. सगळी पिकं या बुरशीवर सारखी विसंबून नसतात. जवस आणि बाकला (फाबा बीन) यादीच्या माथ्यावर. सूर्यफूल, मका, हरभरा, तूर, मूग त्यांच्या खाली, पण तेही बरेच परावलंबी. ज्वारी मध्यम. गहू आणि बार्ली यांची मुळं बारीक, फाटेदार आणि केसाळ असल्याने त्यांचं बुरशीवाचून फारसं अडत नाही. तरीही ती बुरशीला आसरा देतात, आणि गोम इथेच आहे. लांब पडीनंतर आधी गहू किंवा बार्ली घ्यायची. ती स्वतः फार न खुरटता बुरशीची संख्या वाढवते, आणि तिच्या बेवडावर पुढे जवस किंवा हरभरा बिनघोर येतो.

कॅनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक) आणि ल्युपिन (एक कडधान्य) यांना मात्र या हिशेबात जागा नाही. त्यांच्या मुळांत ही बुरशी शिरतच नाही. कॅनोलाचं पीक कितीही डौलदार आलं तरी बुरशीच्या दृष्टीने तो हंगाम पडीचाच.

खताचाही मार्ग आहे आणि तो हिणवण्यासारखा नाही. पेरताना बियाण्याजवळ स्फुरद, सोबत जस्त, आणि गरज पडल्यास जस्ताची फवारणी, यांनी पीक उभं राहतं. मात्र फक्त स्फुरदाचा मारा केला तर रोप बुरशीला आणखी दूर ठेवतं आणि जस्ताची टंचाई जास्त उघडी पडते. दोन्ही बरोबर द्यायला हवीत.

प्रकरणाची हद्द

हे एक प्रकरण पाहून जगातल्या प्रत्येक शेताला मायकोरायझाची उणीव आहे असं ठरवणं चुकीचं होईल. त्याच देशात, न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण भागात, रायन आणि अँगस यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात कमी स्फुरदाच्या जमिनीतही गहू आणि वाटाण्यात बुरशी वाढल्यावर जस्त जास्त उचललं गेलं, पण स्फुरदाचं शोषण किंवा उत्पादन वाढलं नाही. पुढे मेगन रायन आणि जेम्स ग्रॅहम यांनी २०१८ साली सरळ लिहिलं की शेतकऱ्याने पीक नियोजन करताना या बुरशीची संख्या विचारात घ्यावी याला पुरावा तोकडा आहे. माथियास रिलिग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याला उत्तर दिलं: उत्पादन हा एकच मापदंड धरू नका, मातीची घडण आणि अन्नद्रव्यांची गळती हेही मोजा. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जमिनींबद्दल खरं बोलत आहेत. लांब पडीचा विकार होतो तो तीन गोष्टी जुळल्यावर: स्फुरद-जस्त घट्ट धरणारी माती, बुरशीवाचून अडणारं पीक, आणि यजमानाविना गेलेला दीर्घ काळ. यातली एक काढली की परिणाम विरळ होतो.

तिन्ही जुळल्या की मात्र तो इतरत्रही दिसतो. अमेरिकेत १९९३ च्या महापुरात मध्य-पश्चिमेतली शेतं पाण्याखाली राहिली, पीक गेलं, हंगाम रिकामा गेला. पुढच्या वर्षी त्याच शेतांतला मका खुरटला आणि पानं जांभळी पडली, स्फुरदाच्या टंचाईची ठळक खूण. तिथे पड पुराने पाडली होती.

डार्लिंग डाउन्सवर परत येऊ, कारण तिथे प्रकरणाला आणखी एक पीळ आहे. याच काळ्या मातीत प्राटिलेंकस थॉर्नी नावाचा सूत्रकृमी गव्हाची मुळं पोखरतो. त्याच्यावर लांब पड हा उपायच आहे, यजमान नसल्याने तो घटतो. म्हणजे एकाच पडीत शत्रू आणि सोबती दोघेही उपाशी मरतात. पडीनंतर या सूत्रकृमीला बळी पडणारा गव्हाचा वाण घेतला तर बुरशी वाढते, पण सूत्रकृमीही वाढतो. ज्वारी इथे उपयोगी पडते. बुरशीला ती आसरा देते आणि या सूत्रकृमीला आपल्या मुळांत वाढू देत नाही. ऑस्ट्रेलियात आता मातीच्या नमुन्यातला डीएनए मोजून दोघांचाही अंदाज घेता येतो. सूत्रकृमी भरपूर असेल तर ज्वारी, आणि बुरशीही तळाला गेली असेल तर त्या ज्वारीला पेरतानाच स्फुरद आणि जस्त. दोन्ही आकडे कमी असतील तर सूत्रकृमीला दाद न देणारा गव्हाचा वाण किंवा बार्ली. जवसाची पाळी त्यानंतरच्या हंगामात.